शाळेतल्या इतिहासात भाताला आणि मिठाला जागा द्या : नवी मुंबई महापालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि शिक्षण विभाग,
नवी मुंबई महानगरपालिका

सन्माननीय महोदय,

गेली एकवीस वर्षे मी नवी मुंबईत इतिहास शिकवते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे आठवीच्या वर्गावर गेली. दोन वर्षांपूर्वी दांडीयात्रेचा पाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “मॅडम, मिठासाठी एवढं कशाला चालायचं? मीठ तर वीस-पंचवीस रुपयांना मिळतं.” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून ७८ सत्याग्रही निघाले, ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले गेले, मे महिन्यात शिरोड्याला आणि पुढे वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, हे सगळे मी फळ्यावर लिहिले होते. पण मीठ माणसाला का लागते, उन्हात राबणाऱ्याला ते अधिक का लागते, आणि समुद्राकाठी राहणाऱ्यालाच ते उचलायची बंदी केली म्हणजे त्याच्या घरात काय होते, हे मी कधी सांगितलेच नव्हते.

त्याच आठवड्यात गावठाणातली एक विद्यार्थिनी घरून एक लाकडी फळी घेऊन आली. फळीला लांब दांडा होता, कडा झिजून गोलसर झाली होती आणि लाकडाच्या रेषांत पांढरेपणा कायमचा मुरलेला होता. तिच्या आजीचे माहेर उरण तालुक्यातले, मिठागरावर काम करणाऱ्या घरातले. पुढच्या शनिवारी आजी स्वतः वर्गात आल्या, खुर्ची नको म्हणाल्या आणि फळी हातात धरून उभ्यानेच बोलल्या. उधाणाचे पाणी आत कसे घ्यायचे, एका कोंडीतून, म्हणजे उथळ वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत ते दाट कसे करायचे, कोंडीचा तळ पायांनी तुडवून टणक का करावा लागतो, मीठ धरले की ते हलक्या हाताने कडेला कसे ओढायचे, आणि पहिला पाऊस वेळेआधी आला तर महिन्याची मेहनत एका रात्रीत पाण्यात कशी जाते. मग त्यांनी मुलांना आपले तळपाय दाखवले. त्या भेगा पाहून वर्गात जी शांतता झाली, ती माझ्या एकाही पाठाने आजवर झाली नव्हती. ‘आगरी’ हा शब्द ‘आगर’ म्हणजे मिठागर या शब्दाशी जोडला जातो, हे त्या दिवशी अनेक मुलांना पहिल्यांदाच कळले, आणि त्यात स्वतः आगरी असलेली मुलेही होती.

त्यानंतर मी त्यांना मिठाच्या कुंपणाची गोष्ट सांगितली. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी भारतात सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखली होती. १८६९ साली तिची लांबी २,३०० मैल होती आणि तिच्यावर सुमारे १२ हजार माणसे पहारा देत होती. कित्येक ठिकाणी ही सीमा म्हणजे काटेरी झुडपांची जिवंत भिंतच होती. १८७९ साली ती मोडली, कर मात्र राहिला. हे ऐकल्यावर ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्यानेच दांडीयात्रेचे उत्तर आपल्या शब्दांत लिहून आणले. ती वही मी जपून ठेवली आहे.

आपल्याकडे माझे मागणे या अनुभवातूनच आले आहे. महापालिकेच्या शाळांत इतिहासाचा आणि परिसर अभ्यासाचा एक भाग अन्नाच्या वाटेने शिकवला जावा, आणि त्यासाठी या शहराचीच जमीन, बाजार आणि माणसे वापरली जावीत.

असे मागताना मी इतिहासाला पाककृतींच्या पातळीवर आणते आहे, असे काही सहकारी म्हणतात. त्यांना मी इतकेच विचारते, की लिपी कशासाठी जन्मली? मेसोपोटेमियातील उरुक शहरात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवर स्तोत्रे किंवा राजांच्या कथा नाहीत. कोणाला किती जव दिले, कोणाच्या वाट्याला किती मद्य आले, याचे हिशेब आहेत. धान्य साठवता येऊ लागले म्हणून ते मोजावे लागले, मोजणारा आणि राखणारा लागला, आणि कोठाराची किल्ली ज्याच्या हाती तो बाकीच्यांपेक्षा मोठा झाला. हेच आपल्याला आपल्या घोड नदीकाठी इनामगावला दिसते. डेक्कन कॉलेजने तेथे केलेल्या उत्खननात, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत, पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार सापडले. गावचा प्रमुख कोठाराला लागून राहत होता. पुढे हवामान कोरडे होत गेले तशी चौकोनी ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव सुटले. राज्य कसे उभे राहते आणि कसे विस्कटते, हे सहावीच्या मुलाला समजावून द्यायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही, आणि ते पुणे जिल्ह्यात आहे.

परदेशांतली उदाहरणे पाठ्यपुस्तकात येऊन जातात, म्हणून ती लांबवत नाही. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाया पावाच्या टंचाईमुळे व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा एकाच पिकावर जगणाऱ्या त्या देशातली सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. साखरेच्या गोडीसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून नेली गेली. गुलामगिरी बंद झाल्यावर त्याच उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून भारतातून करारावर मजूर मॉरिशसला जाऊ लागले आणि त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. आज तिकडे मराठी बोलणारी, गणपती बसवणारी कुटुंबे आहेत ती उसामुळे आहेत, हे मुलांना सांगितले की नकाशावरचा तो ठिपका त्यांना एकदम नात्यातला वाटू लागतो.

पण मला बोलायचे आहे ते आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल. ज्या जमिनीवर आपली शाळा, माझे घर आणि महापालिकेचे मुख्यालय उभे आहे, त्या पट्ट्यात खाडीकाठची भातशेती होती. खाऱ्या पाण्याला मातीचे बांध घालून आत गोड्या पाण्यावर भात घ्यायचा, बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचे जादा पाणी ओहोटीला बाहेर जाईल आणि भरतीचे आत येणार नाही, अशी ही रचना होती. बांधाला खांड पडली की एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे शेत खारे होई. त्यामुळे रात्री-अपरात्री हाक आली तरी घरटी एक माणूस चिखलात उतरत असे. खारेपणा सोसणारा ‘राता’ नावाचा लालसर भात या शेतीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या नव्या जाती दिल्या, तरी त्यांच्या मागे हे जुने शहाणपण आहेच. गावकी, भावकी, एकमेकांच्या कामाला जाणे या गोष्टी आपण ‘संस्कृती’ या मोघम शब्दाखाली घालतो. माझ्या मते त्यांतला मोठा भाग बांधाने घडवला. जेथे एकाचे पीक साऱ्यांच्या सावधपणावर अवलंबून असते, तेथे शेजाऱ्याशी भांडण धरून बसणे परवडतच नाही.

याच भाताने येथून जवळच महाराष्ट्राचा कायदाही घडवला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप पुकारला. पिकवायचे कुळांनी, आणि अर्धा भात, शिवाय वर नाना तऱ्हेच्या वसुल्या खोताच्या घरी जायच्या, हे मोडायचे ठरले. शेतकऱ्यांचा संप म्हणजे काय, याचा मुलांनी एकदा शांतपणे विचार करावा असे मला वाटते. पाऊस पडला, जमीन वाफशावर आली, आणि आपल्याच पोटाचे अन्न ज्यातून यायचे त्या शेतात पेरायचे नाही. एक-दोन हंगाम नाही, तर १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला, खोती नष्ट करण्यासाठी विधिमंडळात आणि रस्त्यावर आवाज उठवला. १९३९ चा कुळकायदा आणि पुढची ‘कसेल त्याची जमीन’ ही वाट या उपाशी राहिलेल्या घरांतून गेली आहे. आठवीच्या मुलांना फ्रान्सची राज्यक्रांती ठाऊक असते. चरी त्यांतल्या एखाद्यालाच ठाऊक असते.

मग नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या त्या मंडळासाठी ९५ गावांची जमीन संपादित होऊ लागली, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले. हे आंदोलन मोबदल्याचे होते, तसेच ते भाताचे कोठार रिकामे होण्याचेही होते. ज्या घरात वर्षाचा तांदूळ स्वतःच्या शेतातून येत होता, त्या घराला पहिल्यांदा वाण्याकडून तांदूळ आणावा लागला, तेव्हा तिथल्या बाईच्या हातातून काय गेले, हे अजून कोणी नीट लिहिलेले नाही. ते सांगणाऱ्या आजी आज ऐंशीच्या घरात आहेत.

शेत गेले त्याच परिसरात बाजार आला. मुंबईचा घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलला आणि कांदा-बटाटा, दाणा, मसाला, फळे, भाजीपाला अशी पाच मार्केटे उभी राहिली. माझे वडील त्या बाजाराबरोबर इकडे आले. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातून साठच्या दशकात मुंबईला आलेले ते माथाडी. आधी दाणाबंदरला, मग तुर्भ्याच्या दाणा बाजारात शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर वाहत राहिले. त्यांच्या मानेखाली एक घट्टा होता, लहानपणी मी त्यावर बोट फिरवत असे. बंद पोत्यावर तळवा दाबून आत गहू आहे, हरभरा आहे की तांदूळ हे ते सांगत, आणि तांदूळ असेल तर नवा की जुना हेही सांगत. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, म्हणून आम्हाला भविष्य निर्वाह निधी, दवाखाना आणि पुढे कोपरखैरण्यातले घर हे शब्द माहीत झाले. मी शिक्षिका झाले ते त्या घट्ट्यामुळे.

आईकडची आठवण वेगळी आहे. १९७२ च्या दुष्काळात ती गावाकडे खडी फोडत होती. मदत म्हणून मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांची नावे घेतली की अजूनही ती क्षणभर गप्प होते. दुष्काळी कामांवरच्या त्या गर्दीतून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून महाराष्ट्राने रोजगाराची हमी हा विचार कायद्यात आणला. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली देशाने तोच विचार उचलला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लाखो माणसे मरत असताना भारतातून धान्याची निर्यात चालू होती. १९७२ ला राज्याने काम आणि अन्न देणे आपले कर्तव्य मानले. या दोन दुष्काळांमधले अंतर म्हणजेच नागरिकशास्त्र आहे, असे मी वर्गात सांगते.

आपल्या शाळांत दुपारी पोषण आहार दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. खिचडीच्या त्या रांगेकडे मी रोज पाहते आणि मला तिची किंमत फार मोठी वाटते. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खायचे, कोणी कोणत्या पंगतीला बसायचे, कोणाला वरून वाढायचे हे जन्माने ठरत असे, त्याच समाजातील मुले एका सतरंजीवर बसून एकाच पातेल्यातले जेवतात. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी चवदार तळ्याचे पाणी पिऊन हक्क बजावला गेला आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पाणी आणि अन्न यांच्यावरच जातीची भिंत उभी होती आणि तेथूनच ती फोडावी लागली. मुले खिचडी खातात, पण ही रांग कशी तयार झाली हे त्यांना कोणी सांगत नाही.

त्याच पातेल्यातली मिरची आणि बटाटा हाही एक पाठ आहे. पोर्तुगीज १४९८ ला मिऱ्यांच्या शोधात कालिकतला आले, १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे होती, आणि अमेरिका खंडातली पिके त्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा, काजू, अननस, कोबी, पाव हे शब्द त्यांच्याच भाषेतून मराठीत आले. मिरचीला मात्र आपण आपल्या मिरीचे नाव दिले. एकदा मी मुलांना आषाढी एकादशीच्या ताटातले पदार्थ लिहायला सांगितले. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, ही सगळी पिके पाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हती. जे आपण सर्वांत सोवळे मानतो ते सर्वांत दुरून आले आहे, हे लक्षात आल्यावर आठवीची मुले जे प्रश्न विचारतात ते ऐकायला आपण एकदा वर्गात यावे. याच्या उलट, ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत. नांगराच्या आधीचे जग आपण वर्षातून एक दिवस ताटात जपून ठेवले आहे. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी घेऊन बसतात, तेव्हा त्याच जगाचे ज्ञान त्या टोपलीत असते.

आता नेमके मागणे. पाचवी ते आठवीसाठी नवी मुंबई आणि ठाणे परिसराच्या अन्न-इतिहासाची एक पूरक पुस्तिका महापालिकेने तयार करावी; नवा विषय किंवा नवी परीक्षा नको, आहेत त्याच पाठांना ती जोडली जावी. मुलांवर आधीच अभ्यासाचे ओझे आहे ही हरकत मला मान्य आहे, म्हणूनच वर्षाला सहा-सात तासिकांपलीकडे मी काही मागत नाही. प्रत्येक वर्गाची वर्षातून एक सहल पहाटेच्या बाजारात जावी, आणि ती खरेदीसाठी नसून ट्रक कोठून आला, माल कोणी उतरवला, भाव कसा ठरला हे विचारण्यासाठी असावी. पालक म्हणून येणारे माथाडी, भाजीवाल्या, कोळणी यांना वर्गात बोलायला बोलवावे आणि त्यांचा त्या दिवसाचा खाडा भरून निघेल इतके मानधन द्यावे. महापालिका हद्दीत खारबांध आणि उघाडी जेथे अजून शाबूत आहे अशी एक तरी जागा निवडून, तेथे मुलांच्या हातांनी दरवर्षी राता भाताचा एक वाफा लावावा. या सर्वांआधी, गावठाणांतील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम यंदाच सुरू व्हावे, कारण पुस्तिका पुढच्या वर्षी छापता येईल, माणसे थांबणार नाहीत. महापालिकेच्या एखाद्या ग्रंथालयातील एक खोली त्या ध्वनिमुद्रणांसाठी आणि अवजारांसाठी राखून ठेवली तरी आरंभाला पुरेल.

पुस्तिकेचे लेखन आणि ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन मी आणि माझ्या दोन सहकारी शिक्षिका कोणतेही मानधन न घेता करू. पहिल्या पाठाचा मसुदा तयार आहे. तो मिठाचा आहे. मिठाची ती फळी सध्या आमच्या शाळेच्या कपाटात आहे, आजींनी ती शाळेला देऊन टाकली आहे. त्यांची तब्येत पावसाळ्यात बरी नसते, गौरी-गणपतीनंतर त्या पुन्हा यायला तयार आहेत. आपल्या विभागातील अधिकाऱ्याने त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन वर्गात यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई